'द रेसलर'मधला कॅमेरा पाठीमागून का चालतो? एका फसलेल्या प्रकरणाची गोष्ट



संशोधन प्रश्न, गृहीतक, साहित्याचा आढावा या गोष्टींवर आपण आधी बोललो आहोत. त्यावर भाषा आणि कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा एक प्रश्न हमखास येतो: "ताई, आमचा विषय चित्रपट आहे. तिथे कसलं गृहीतक आणि कसला पुरावा? शेवटी ज्याचं त्याचं मत." प्रश्न रास्त आहे. मलाही पहिलं दीड वर्ष असंच वाटायचं. आज त्याचं उत्तर एका चित्रपटाच्या आधारे द्यायचा प्रयत्न करते.

चित्रपट आहे डॅरन ॲरोनॉफ्स्की दिग्दर्शित 'द रेसलर' (२००८). माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणात तो आहे, आणि त्या प्रकरणाचा पहिला मसुदा साफ फसला होता. तो का फसला आणि मग काय केलं, हे सांगितलं तर कदाचित तुमचे काही महिने वाचतील. एक सूचना: लेखात शेवट उघड केला आहे. चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहा. मारामारी आणि रक्त बरंच आहे, तयारीने बसा.

गोष्ट काय आहे

रँडी 'द रॅम' रॉबिन्सन हा १९८० च्या दशकातला गाजलेला व्यावसायिक रेसलर. आता वीस वर्षांनी तो न्यू जर्सीत एका ट्रेलरमध्ये भाड्याने राहतो. भाडं थकलं की दाराला कुलूप लागतं आणि हा गाडीत झोपतो. आठवडाभर सुपरमार्केटमध्ये खोकी उतरवतो, शनिवार-रविवारी छोट्या सभागृहांत कुस्त्या करतो. कानात श्रवणयंत्र आहे. अंगाला वेदनाशामक गोळ्यांची आणि स्टेरॉइडची सवय आहे. एका रक्तबंबाळ सामन्यानंतर त्याला हृदयविकाराचा झटका येतो, बायपास होते आणि डॉक्टर सांगतात की आता कुस्ती बंद. मग तो दोन माणसांकडे वळतो. एक कॅसिडी, क्लबमध्ये नाचणारी, स्वतःही त्या धंद्याच्या मानाने वय झालेली बाई. दुसरी स्टेफनी, त्याची दुरावलेली मुलगी. दोन्हीकडे थोडं जमतं आणि मग बिघडतं. शेवटी तो वीस वर्षांपूर्वीच्या प्रतिस्पर्ध्याशी, 'आयातोल्ला'शी, पुन्हा लढायला रिंगमध्ये उतरतो.

रँडीची भूमिका मिकी रूर्कने केली आहे. चित्रपटाला २००८ च्या व्हेनिस महोत्सवात गोल्डन लायन मिळाला. रूर्कला गोल्डन ग्लोब आणि बाफ्टा मिळाले, ऑस्करचं नामांकनही होतं. ही माहिती एका परिच्छेदापुरती. तुमच्या प्रबंधातही ती तेवढीच असू द्या. मी चार पानं घालवली होती.

माझं पहिलं आर्ग्युमेंट

मसुद्यातलं मुख्य म्हणणं असं होतं: या चित्रपटात नट आणि पात्र यांच्यातली रेषा पुसली जाते. रूर्क १९८० च्या दशकात मोठा नट होता. 'नाइन अँड अ हाफ वीक्स', 'एंजल हार्ट' हे त्याचे तेव्हाचे चित्रपट. १९९१ मध्ये तो अभिनय बाजूला ठेवून व्यावसायिक बॉक्सिंगकडे गेला, तोंडावर मार खाल्ला, शस्त्रक्रिया झाल्या, चेहरा बदलला. परत आला तेव्हा जमाना बदललेला होता. म्हणजे रँडीचं पडद्यावरचं झिजलेलं शरीर हे रूर्कचंच. पुनरागमनाची गोष्ट, पुनरागमन करणाऱ्याच्याच अंगावर लिहिलेली.

वाचायला छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं. गाईड मॅडमनी समासात एकच ओळ लिहून मसुदा परत दिला: "हे लिहायला चित्रपट बघायची गरज काय होती?"

राग आला. दोन दिवस फाईल उघडली नाही. पण ओळ खरी होती. मी लिहिलेलं सगळं ट्रेलर आणि दोन मुलाखती पाहून लिहिता आलं असतं. एकही दृश्य नसतं तरी माझ्या म्हणण्याला धक्का लागला नसता. आणि दृश्यांनी ज्याला धक्का लागू शकत नाही ते म्हणणं त्या चित्रपटाबद्दलचं नसतंच, ते दुसऱ्या कशाबद्दल तरी असतं. माझं होतं रूर्कबद्दल.

लक्षात घ्या, ते विधान खोटं नव्हतं. रूर्कचं आयुष्य माहीत असलेल्या प्रेक्षकाला ते पडद्यावर जाणवतंच. पण "खरं आहे" आणि "माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण बहुतेक जण पहिलीवर थांबतो.

मग काय केलं: शॉटची यादी

मॅडम म्हणाल्या, आधी वर्णन कर, अर्थ नंतर लाव. म्हणून चित्रपट पुन्हा पाहायला बसले आणि वहीत तीनच रकाने केले: वेळ, काय दिसतं, काय ऐकू येतं. "काय वाटतं" हा रकाना मुद्दाम ठेवला नाही. कंटाळवाणं काम आहे. दोन तासांहून थोड्या कमी चित्रपटाला मला चार संध्याकाळी लागल्या.

पहिल्याच पानावर एक गोष्ट सापडली. चित्रपट सुरू होतो तो जुनी पोस्टरं, कात्रणं आणि समालोचकांच्या आरडाओरड्याने. तिथे तरुण रॅमचा चेहरा पुन्हा पुन्हा दिसतो. मग "वीस वर्षांनंतर" अशी अक्षरं येतात, आणि लहान मुलांच्या शाळेतल्या एका वर्गात, खेळण्यांच्या गराड्यात, एक आडदांड माणूस आपल्याकडे पाठ करून खुर्चीवर बसलेला आहे. खोकतो आहे. सामना संपलेला आहे, हा वर्ग म्हणजे त्याची कपडे बदलायची खोली. तो उठतो, थोडे पैसे घेतो, गाडीकडे चालत जातो, आणि कॅमेरा त्याच्या मागे मागे चालतो. सुरुवातीची काही मिनिटं त्याचा चेहरा आपल्याला नीट दिसतच नाही.

आता माझा पहिला मसुदा आठवा. मी म्हणत होते की हा चित्रपट रूर्कच्या बदललेल्या चेहऱ्यावर उभा आहे. आणि चित्रपट नेमका तोच चेहरा लपवून सुरू होतो! वीस वर्षांपूर्वीचा चेहरा दाखवतो, आजचा राखून ठेवतो. पुढेही कॅमेरा सतत त्याच्या पाठीमागे असतो: लांब पिवळे केस, फुगीर जाकीट, एक पाय किंचित जड. छायाचित्रण मरीस अल्बर्टी यांचं. माहितीपटांचा त्यांचा मोठा अनुभव इथे कामाला आलेला दिसतो: हातातला कॅमेरा, सुपर सोळा एमएमची दाणेदार फिल्म, एखाद्या माणसाचा दिवसभर पाठलाग करावा तशी चाल.

इथे एक शंका काढायला हवी. तुम्ही नाही काढली तर व्हायव्हाला परीक्षक काढतील. ही नुसती शैली तर नसेल? बेल्जियमच्या दार्देन बंधूंनी 'रोझेटा'त (१९९९) असाच कॅमेरा नायिकेच्या मागे पळवला आहे. ॲरोनॉफ्स्कीच्या पुढच्या 'ब्लॅक स्वान'मध्येही (२०१०) तो दिसतो. मग 'द रेसलर'पुरता त्याचा काही खास अर्थ आहे, हे कशावरून?

याचं उत्तर तंत्राच्या नावात मिळत नाही. ते तंत्र चित्रपटात कुठे आहे आणि कुठे थांबतं, हे पाहावं लागतं. म्हणून वहीत चौथा रकाना आला: कॅमेरा त्याच्या पुढे कधी येतो?

जाताना पाठ, पोचल्यावर चेहरा

सर्वांत स्पष्ट जागा सुपरमार्केटची. झटक्यानंतर रँडीला खाद्यपदार्थांच्या काउंटरवर काम मिळतं. पहिल्या दिवशी तो डोक्यावर केसांची जाळी घालून मागच्या खोल्यांमधून, जिन्यावरून, अरुंद बोळांमधून काउंटरकडे निघतो. कॅमेरा मागे. आणि हळूहळू कानावर स्टेडियममधल्या गर्दीचा गजर येऊ लागतो, वाढत जातो. रिंगकडे निघालेला रेसलर जसा चालतो तसाच तो चालतो. मग तो प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा बाजूला सारतो आणि गजर बंद. समोर बटाट्याचं सॅलड. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आहे 'रॉबिन', त्याला अजिबात न आवडणारं त्याचं खरं नाव.

हा प्रसंग बहुतेकांना विनोदी वाटतो आणि आहेही. पण यादीत तो पहिल्या प्रसंगाशेजारी ठेवला तर एक क्रम दिसू लागतो. रँडी कुठेही जात असताना आपल्याला त्याची पाठ दिसते. पोचला की चेहरा दिसतो. मात्र दर ठिकाणी तो वेगळा चेहरा घालतो. रिंगमध्ये रॅमचा: ओरडणारा, रक्ताळलेला, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाचता यावा इतका मोठा केलेला. काउंटरवर रॉबिनचा: आधी अवघडलेला, मग गिऱ्हाइकांशी थट्टामस्करी करत चक्क रमणारा.

कॅसिडीचंही तेच. तिचं खरं नाव पॅम. क्लबमध्ये कॅसिडी, बाहेर पॅम, घरी एका मुलाची आई. फरक असा की ती दोन्ही नावं वेगळी ठेवू शकते. रँडीला 'रॉबिन' हे नाव कानावरही नको असतं. एका गिऱ्हाइकाने काउंटरवर "तू तोच रेसलर ना" असं ओळखल्यावर तो मांस कापण्याच्या यंत्रावर हात आपटून घेतो आणि काम सोडून जातो. रॅमला रॉबिनच्या जाळीत कुणी पाहिलं, हे त्याला सोसत नाही.

"पण हे सगळं खोटंच असतं ना?"

आमच्या विभागात हा चित्रपट दाखवला तेव्हा पहिला प्रश्न हाच आला. तो आपल्याकडे येणं साहजिक आहे. मराठीत 'कुस्ती' म्हटलं की आखाडा, माती, चीतपट आठवतं, आणि ठरवून केलेल्या लढतीला आपण 'नुरा कुस्ती' म्हणून हिणवतो. दुसरीकडे केबल टीव्हीच्या काळात पत्त्यांसारखी रेसलरची कार्डं खेळत वाढलेली आमची पिढी, जिला मोठी भावंडं "ते सगळं नाटक असतं" म्हणून चिडवायची. म्हणूनच या चित्रपटाबद्दल लिहिताना मी 'कुस्तीगीर' किंवा 'पैलवान' टाळून 'रेसलर' हाच शब्द ठेवते. भाषांतर करताना शब्दासोबत त्याची प्रतिष्ठाही बदलते.

रोलाँ बार्थ यांच्या 'मिथॉलॉजीज' (१९५७) या पुस्तकातला पहिलाच निबंध व्यावसायिक रेसलिंगवर आहे. हा खेळ नसून देखावा आहे, आणि प्रेक्षकाला लढत खरी आहे की ठरवलेली याने फरक पडत नाही, अशी त्यांची मांडणी आहे. उपयोगी आहे, पण ती प्रेक्षकाच्या खुर्चीतून केलेली आहे. 'द रेसलर' आपल्याला पडद्यामागे नेतो. तिथे काय दिसतं? सामन्याआधी दोन आडदांड माणसं हळू आवाजात, एकमेकांची काळजी घेत, कोणता डाव कधी टाकायचा ते ठरवतात. रँडी मनगटाच्या पट्टीत ब्लेडचा तुकडा लपवतो आणि रिंगमध्ये स्वतःचंच कपाळ कापतो. निकाल ठरलेला, रक्त मात्र खरं.

याचा परिणाम कथानकावर होतो. म्हाताऱ्या खेळाडूच्या चित्रपटात नेहमी प्रश्न असतो, "जिंकेल का?" दोनच वर्षं आधी आलेला 'रॉकी बाल्बोआ' (२००६) आठवा. तिथे रॉकी शेवटच्या लढतीत गुणांवर हरतो, पण टिकून राहतो, मुलाशी नातं जुळतं, मान राहतो. 'द रेसलर'मध्ये "जिंकेल का" हा प्रश्नच नाही, कारण निकाल खोलीतच ठरला आहे. सगळ्यांना माहीत आहे की रॅम जिंकणार. ठरवता न येणारी गोष्ट एकच, त्याचं हृदय. सगळा ताण गुणफलकावरून शरीरात उतरतो.

झटक्याआधीचा तो भयंकर सामना आठवा: काचा, काटेरी तार, स्टेपल मारायचं यंत्र. चित्रपट आधी सामन्यानंतरचं दाखवतो, अंगातून स्टेपल उपटताना आणि जखमा साफ करताना, आणि मग मागे जाऊन त्या कशा झाल्या ते. किंमत आधी, तमाशा नंतर. त्यामुळे रिंगभोवतीचे प्रेक्षक ओरडतात तेव्हा आपल्याला त्यांच्यासारखं ओरडता येत नाही.

विरोधी पुरावा

इथवर मजा येत होती. मग मुलीचा प्रसंग आला आणि माझा क्रम मोडतो की काय असं वाटलं. ॲस्बरी पार्कच्या समुद्रकाठी, ओसाड इमारतींच्या शेजारी, रँडी स्टेफनीची माफी मागतो. इथे त्याच्या चेहऱ्यावर ना रॅम, ना रॉबिन. चेहरा उघडा आहे, रडतो आहे, आणि कॅमेरा तो सावकाश, जवळून पाहतो.

माझी वाईट सवय अशी की असा प्रसंग आला की एक तळटीप टाकून पुढे जायचं: "अपवाद". या वेळी थांबले. अपवाद म्हणण्याऐवजी विचारलं, इथे तो कुठे पोचला आहे? उत्तर सोपं होतं. तो मुलीपर्यंत पोचला आहे. संपूर्ण चित्रपटात पोचण्याचे असे क्षण फार थोडे आहेत. म्हणजे क्रम मोडला नव्हता, मीच तो कमी करून मांडला होता. चित्रपट पाठ आणि चेहरा यांच्यात नुसती लपाछपी खेळत नाही. कोणत्या ठिकाणी पोचल्यावर या माणसाला चेहरा घालावा लागत नाही, हे तो शोधतो. आणि रँडीला ते ठिकाण सापडतं, पण राखता येत नाही. शनिवारच्या जेवणाला यायचं कबूल करून तो आदल्या रात्रीच्या नशेत झोपून राहतो. मुलगी दार कायमचं लावून घेते. यात परिस्थितीला दोष देता येत नाही, आणि चित्रपटही देत नाही.

शेवटची उडी

आता शेवट. सामना सुरू आहे, रँडीची छाती दुखते आहे. आयातोल्लाच्या लक्षात येतं, तो हळूच सुचवतो की आटपून टाक. रँडी पडद्याकडे पाहतो. तिथे मघाशी कॅसिडी उभी होती, आता नाही. तो सर्वांत वरच्या दोरावर चढतो. डोळ्यांत पाणी. मग उडी मारतो, चौकटीबाहेर जातो, मागे उरतात रिकामं छत आणि दिवे. पडदा काळा होतो.

वर्गात विचारलं की शेवटी काय होतं, तर दहापैकी नऊ जण म्हणतात, "तो मरतो." पण तुमच्या वहीतल्या "काय दिसतं" या रकान्यात मृत्यू नाही. तो "काय वाटतं" या रकान्यातला आहे, जो आपण ठेवलाच नव्हता. तर्क म्हणून तो ठीक आहे, पुराव्यासकट मांडताही येईल. पण "दिसतं" म्हणून लिहिलात तर चूक.

आणि माझ्या वाचनात ही चूक महागात पडते. पूर्ण चित्रपटभर आपण या माणसाच्या पाठीमागून चाललो आणि दर वेळी तो कुठेतरी पोचला. या उडीत जाणं आहे, पोचणं नाही. तो जमिनीवर येताना दिसत नाही. "मरतो" म्हणणं म्हणजे त्याला कुठेतरी पोचवून टाकणं, म्हणजे चित्रपटाने नाकारलेली सोय आपल्या हाताने करून घेणं.

चित्रपटाचं उणं

आवडत्या चित्रपटाची बाजू घेणं हे संशोधकाचं काम नाही, म्हणून हेही लिहायला हवं. रँडीला मिळणारा हा वेळ स्टेफनीला मिळत नाही. तिचा राग खरा आहे, इव्हान रेचल वूडने तो ताकदीने केला आहे, पण लेखनात ती जवळजवळ फक्त रँडीच्या आयुष्यातला खड्डा म्हणून येते. ती काय करते, कुणासोबत जगते, बाप नसताना कशी वाढली, हे ओझरतं कळतं. कॅसिडीची दोन नावं चित्रपट इतकी नीट मांडतो, मारिसा टोमेही ती भूमिका तितक्याच नेटाने करते, पण शेवटी ती पडद्याशेजारची रिकामी जागा होण्यापुरती उरते. एका माणसाच्या मागे इतक्या निष्ठेने चालणाऱ्या कॅमेऱ्याला आजूबाजूची माणसं त्याच्यापुरतीच दिसतात. ज्या तंत्राची मी तीन पानं स्तुती केली, त्याचीच ही दुसरी बाजू. माझ्या सुधारलेल्या प्रकरणाचा शेवटचा भाग यावर आहे, आणि मॅडमनी "ठीक" असा शेरा दिलेला तो एकमेव भाग.

तुम्ही काय कराल

तुमच्या विषयातला एक चित्रपट निवडा आणि त्याबद्दलचं तुमचं सर्वांत लाडकं विधान एका वाक्यात लिहा. मग स्वतःला विचारा: कोणतं दृश्य सापडलं तर हे विधान मागे घ्यावं लागेल? उत्तर "कोणतंच नाही" असेल तर ते विधान बाजूला ठेवा, कितीही सुंदर असलं तरी. उत्तर सापडलं तर तेच दृश्य शोधायला बसा. तीन रकाने, पेन, आणि चार संध्याकाळी. "मत" आणि "गृहीतक" यांत फरक काय, हे व्याख्या पाठ न करता कळेल.

मला लाडकं विधान सोडायला दोन महिने लागले. रँडीला वीस वर्षांत जमलं नाही, म्हणून त्याच्यावर मी फार हसत नाही.

पुढच्या लेखात: शॉटच्या याद्यांवरून प्रकरणाचा आराखडा कसा करायचा.